एकच विषाणू, दोन बाटल्या : उंदराच्या आणि हॅम्स्टरच्या पेशींत तो वेगवेगळा का वाढतो?

आबोली_फोंडा · मंगळवार, रात्री ९:४०

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या प्रकल्पासाठी एका प्रयोगशाळेत आहे. काल संध्याकाळी तिचा रडवेला फोन आला. सिंडबिस या डासांतून पसरणाऱ्या विषाणूचा एकच साठा, एकाच दिवशी वितळवलेला. एका बाटलीत हॅम्स्टरच्या बीएचके-२१ पेशी, दुसरीत उंदराच्या एल-९२९. दुसऱ्या दिवशी बीएचकेचा सगळा थर सुटून तरंगायला लागला होता. एलच्या बाटलीत बऱ्याचशा पेशी अजून तळाला घट्ट चिकटलेल्या, आणि टायटर (द्रवात लागण करू शकणारा विषाणू किती याचं मोजमाप) पार खाली. वरिष्ठ म्हणाले, तुझा हात चुकला, परत कर. तिने तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

तिचा हात चुकलेला नाही. मी सहा वर्षं हेच काम केलं आहे, आणि हे वाक्य मलाही ऐकावं लागलं होतं. म्हणून हा धागा.

विषाणू म्हणजे भांडीकुंडी न घेता आलेलं बिऱ्हाड. प्रथिनं बनवायला रायबोसोम पेशीचे, ऊर्जा पेशीची, पुष्कळदा जनुकांच्या प्रती काढायचं यंत्रही पेशीचंच. तेव्हा बिऱ्हाड कसं चालेल हे घर कुणाचं यावर ठरतं. पण पाठ्यपुस्तकात आपण विषाणूचं चित्र मोठं काढतो आणि पेशी म्हणजे नुसता एक गोल. तिथेच गडबड होते.

आधी तिच्या दोन बाटल्या. बीएचके-२१ ही १९६१ साली ग्लासगोत मॅकफर्सन आणि स्टोकर यांनी एक दिवसाच्या सीरियन हॅम्स्टर पिल्लांच्या मूत्रपिंडातून काढलेली सेल लाइन. विषाणू तिच्यात भरभरून वाढतात, आणि त्याचं एक मोठं कारण तिच्या उणिवेत आहे: ही पेशी इंटरफेरॉन, म्हणजे शेजारच्या पेशींना सावध करणारं प्रथिन, जवळजवळ बनवत नाही. विषाणू आत आल्याची वर्दी द्यायची जी यंत्रणा असते तीच तिच्यात लुळी आहे. एका पेशीला लागण झाली तरी शेजारणीला पत्ता नसतो.

एल-९२९ तशी नाही. सी३एच जातीच्या उंदराच्या फायब्रोब्लास्टपासून (ऊतींना आधार देणाऱ्या पेशींपासून) १९४० च्या दशकात तयार झालेली ही लाइन, आणि उंदराचं इंटरफेरॉन मोजायला आजही हीच पेशी वापरतात, इतकी ती त्या संदेशाला तत्पर आहे. विषाणू थोडा घातला तर पहिल्या फेरीत काही पेशींना लागण होते, त्या इंटरफेरॉन सोडतात, आणि दुसरी फेरी सुरू व्हायच्या आत बाकीच्या पेशी कडी लावून बसतात. विषाणू भरपूर घातला, म्हणजे पहिल्याच तासात प्रत्येक पेशीला लागण झाली, तर सावध व्हायला कुणी उरतच नाही. मग दोन बाटल्यांमधला फरक बराच कमी होतो. म्हणून तिला पहिली सूचना हीच दिली: कमी मात्रा आणि जास्त मात्रा, दोन्ही शेजारी शेजारी लाव.

पण मला खरं सांगायचंय ते याच्या पुढचं. हॅम्स्टर आणि उंदीर हे निदान वेगळे प्राणी. एकाच प्राण्याच्या दोन पेशींतही असंच होतं, आणि त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे उंदराचा सूक्ष्म विषाणू, एमव्हीएम. हा पार्व्होव्हायरस. याचे दोन प्रकार आहेत. एमव्हीएम-पी फायब्रोब्लास्टमध्ये वाढतो, एमव्हीएम-आय टी-लिम्फोसाइटमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीत. अदलाबदल केली तर दोघेही अडतात. आपण म्हणू, दार उघडत नसेल. तसं नाही! दोघेही दोन्ही पेशींच्या पृष्ठभागाला चिकटतात, आतही जातात. अडतात ते आत गेल्यावर, जनुकं वाचायला सुरुवात होण्याआधी. आणि दोघांतला हा फरक ठरवणाऱ्या मुख्य जागा कवचाच्या व्हीपी-२ प्रथिनात आहेत, ३१७ आणि ३२१ क्रमांकाची अमिनो आम्लं. त्या बदलल्या की फायब्रोब्लास्ट न मानणारा विषाणू फायब्रोब्लास्टमध्ये वाढू लागतो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्रभर त्याच विचारात होते. दार ओलांडल्यावरही विषाणूला सुटं व्हायचं असतं, केंद्रकापर्यंत पोचायचं असतं, आणि या वाटेवर पेशीचा प्रकार त्याला अडवू शकतो. शिवाय पार्व्होव्हायरसकडे पेशीला विभाजनासाठी ढकलण्याची ताकद नसते. पेशी आपणहून डीएनए दुप्पट करायच्या टप्प्यात येईपर्यंत तो थांबून राहतो. भरगच्च झालेल्या थरात तो वाढत नाही याचंही कारण तेच.

इथे पशुवैद्यक आहेत, शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत. तुमचे अनुभव लिहा.

---

मास्तर_म्हापसा · मंगळवार, रात्री १०:१५

आबोलीताई, मी गणिताचा निवृत्त शिक्षक. समजलं तेवढं आवडलं. एक अगदी साधा प्रश्न. या पेशींसाठी रोज उंदीर मारावे लागतात का? आणि १९६१ सालची पेशी अजून जिवंत कशी?

दुसरं, लहानपणी आमच्या वाड्यावर एकाला कुत्रा चावला तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेताना मी पाहिलंय. ते औषध कुठल्या पेशीत बनायचं?

---

आबोली_फोंडा · मंगळवार, रात्री १०:५०

मास्तर, साधा नाही, मुळातला प्रश्न आहे.

सेल लाइन म्हणजे न थांबता विभागत राहणाऱ्या पेशी. थोड्या काढून नव्या बाटलीत घालायच्या, अन्न द्यायचं, त्या पुन्हा तळ भरतात. या एकेका फेरीला पॅसेज म्हणतात. उरलेल्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येतात. विरजण मोडून पुढचं दही लावतो तसं. रोज प्राणी लागत नाही. पण थेट अवयवातून काढलेल्या प्राथमिक पेशी वापरायच्या असतील तर प्राणी लागतोच, आणि त्या काही फेऱ्यांनंतर थांबतात. प्राथमिक पेशी शरीरातल्या मूळ पेशीच्या जास्त जवळच्या असतात. सेल लाइन सोयीची, पण दूर गेलेली.

ती चौदा इंजेक्शनं सेम्पल लशीची असणार. डेव्हिड सेम्पल यांनी कसौलीला १९११ मध्ये ती पद्धत बसवली. त्यात पेशीसंवर्धन नव्हतंच, मेंढीचा मेंदू होता! रेबीजचा विषाणू मेंदूत उत्तम वाढतो म्हणून. पण त्या ऊतीमुळे काहींच्या मज्जासंस्थेला इजा व्हायची. भारतात ती लस २००५ मध्ये बंद झाली. आता माणसांसाठीची लस व्हेरो पेशीत (माकडाच्या मूत्रपिंडातून आलेली सेल लाइन) किंवा कोंबडीच्या गर्भपेशीत वाढवतात.

---

गोठ्यातला_डॉक्टर · बुधवार, सकाळी ७:२०

वाळपईहून. गोठ्याच्या फेरीला निघण्याआधी लिहितोय.

रेबीजचा विषय निघालाच आहे तर मूषकपेशींशी त्याचं नातं सांगतो. पूर्वी संशयित कुत्र्याच्या मेंदूचा नमुना उंदरांच्या मेंदूत टोचून वाट बघायची पद्धत होती. पूर्ण खात्री करायला २८ दिवस. चावा घेतलेल्या पोराच्या आईने तेवढे दिवस कसे काढायचे? आता त्या जागी न्यूरो-२ए ही उंदराच्या चेतापेशींच्या गाठीतून आलेली सेल लाइन वापरतात, आणि उत्तर काही दिवसांत मिळतं. रस्त्यावरच्या कुत्र्यातून आलेला विषाणू बीएचकेपेक्षा न्यूरो-२एमध्ये सहज पकडता येतो. बीएचकेमध्ये त्याला आधी रुळावं लागतं. उलट प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेला सीव्हीएस-११ बीएचकेमध्ये छान वाढतो, म्हणून लस टोचल्यावर किती प्रतिपिंडं तयार झाली हे मोजायच्या चाचणीत बीएचके चालते. विषाणू रेबीजचाच, पण रानातला वेगळा आणि पाळलेला वेगळा.

२०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला, त्यामागे हजारो कुत्र्यांना पकडून टोचणाऱ्या पोरांचे पाय आहेत. पण एखादा संशयित कुत्रा सापडतो तेव्हा खात्री प्रयोगशाळाच देते. तिथे चुकीची पेशी वापरली तर खरा रेबीज निसटू शकतो. आबोलीताई म्हणतात ते आमच्यासाठी पुस्तकी नाही.

आता माझा रोजचा विषय, लाळ-खुरकूत. त्याची लस बीएचके-२१ मध्येच बनते. तळाला चिकटलेल्या नाहीत, मोठ्या टाक्यांत तरंगत्या. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात वर्षातून दोनदा गुरांना टोचतो ती हीच. गुराच्या अंगात हा विषाणू इंटिग्रिन नावाच्या रिसेप्टरला (पेशीवरच्या, विषाणू जिला धरतो त्या जागेला) धरून पेशीत शिरतो. बीएचकेमध्ये फेऱ्या देत गेलं की पुष्कळदा त्याच्या कवचावर धन प्रभाराची अमिनो आम्लं येतात आणि तो हेपरान सल्फेटला चिकटू लागतो. ही साखरेची साखळी जवळजवळ प्रत्येक पेशीवर असते. बाटलीत त्याची चंगळ. पण असा विषाणू गुरात परत घातला तर बहुधा दुबळा ठरतो.

कंपनीने आणि परीक्षकांनी नजर ठेवायची ती याच जागी. जास्त उत्पादन देणारा विषाणू निवडता निवडता कवच बदललं, तर लस गावात फिरणाऱ्या विषाणूशी जुळेल का? माझ्या शेतकऱ्याची दुभती गाय यावर अवलंबून आहे.

ताई, तुमच्या विद्यार्थिनीचा सिंडबिसचा साठा कशात वाढवलेला आहे? सिंडबिसही बीएचकेमध्ये असाच हेपरान सल्फेटकडे झुकतो असं वाचलंय.

---

आबोली_फोंडा · बुधवार, दुपारी १:०५

डॉक्टर, हा प्रश्न मी तिला विचारलाच नव्हता. साठा बीएचकेतच वाढवलेला असणार, सगळीकडे तसंच करतात. सिंडबिसबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर, ई-२ प्रथिनात ते बदल होतात. मात्र एल-९२९ वरही हेपरान सल्फेट असतं, त्यामुळे एलमधली घट एवढ्याने उलगडत नाही.

पण तुमच्या प्रश्नामुळे दुसरीच गोष्ट डोळ्यासमोर आली. साठ्याचं टायटर तिने कशावर मोजलं? बीएचकेवर असेल तर ‘पेशीमागे एक विषाणू’ हा हिशोब बीएचकेचा झाला. त्याच थेंबातले सगळे कण एलमध्ये लागण करू शकतील असं नाही. मग तिला वाटतंय दोन्ही बाटल्यांत सारखा विषाणू घातला, प्रत्यक्षात एलमध्ये कमी पडलेला असू शकतो. तिला आजच सांगते.

---

सत्तरीकर · बुधवार, रात्री ८:३०

आमच्याकडे विषाणू म्हटलं की माकडताप आठवतो. २०१५ साली सत्तरीत पाली गावात काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना झाला तेव्हापासून काजूचा हंगाम आला की घराघरात धास्ती. बोंडू गोळा करायला पहाटे जावंच लागतं, आणि पाचोळ्यात गोचीड असतेच.

माझा प्रश्न असा. माकडं मरतात, माणसं आजारी पडतात. रानातले उंदीर का पडत नाहीत? आणि प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर पडतात म्हणे.

---

आबोली_फोंडा · बुधवार, रात्री १०:१०

सत्तरीकर, तुमच्या रानातल्या उंदरांबद्दल मी छातीठोक काही सांगणार नाही. पण घरातल्या छोट्या उंदराबद्दल जे पक्कं माहीत आहे ते तुमच्या प्रश्नाला फार जवळून भिडतं.

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. फ्लेव्हीव्हायरस, म्हणजे डेंगी, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल यांचा भाऊबंद. (योगायोग असा की इंटरफेरॉनचा शोधही १९५७ चाच.) तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत, असे विषाणू पकडायचं मुख्य साधन दूधपित्या पांढऱ्या उंदराचं पिल्लू होतं.

फ्लेव्हीव्हायरसने काही उंदीर मरतात, काही मरत नाहीत, आणि हा गुण आईबापांकडून येतो, हे १९३० च्या दशकापासून ठाऊक होतं. जनुक २००२ मध्ये सापडलं: ओएएस-१बी. प्रयोगशाळेतल्या बहुतेक शुद्ध जातींत या जनुकात मध्येच पूर्णविराम पडलेला आहे, प्रथिन अर्धवट बनतं. रानटी उंदरांत ते पुष्कळदा पूर्ण असतं. आणि हा फरक नुसत्या प्राण्यात नाही, बाटलीतही दिसतो: प्रतिकारक उंदराच्या गर्भाच्या पेशी वाढवून त्यात वेस्ट नाईल घातला तर विषाणू आत शिरतो, पण कमी निपजतो.

म्हणजे आपण पांढरा उंदीर किंवा त्याच्या पेशी वापरतो तेव्हा नकळत मोडकं कुंपण असलेलं घर निवडलेलं असतं. विषाणू पकडायला ते उत्तम. पण त्यावरून ‘उंदरात हा विषाणू असा वागतो’ म्हटलं तर रानातल्या उंदरावर अन्याय होतो.

---

पारिजात_०३ · गुरुवार, सकाळी ११:४५

मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन शंका.

१. एकाच प्राण्याच्या सगळ्या पेशींत जनुकं तीच. मग पेशीच्या प्रकाराने एवढा फरक का पडावा?
२. एखादा विषाणू उंदराच्या पेशीत वाढत नसेल तर फक्त रिसेप्टर घातला की पुरे ना? पोलिओत तसंच झालं असं शिकलो.

---

आबोली_फोंडा · गुरुवार, रात्री ९:३०

पहिल्याचं उत्तर थोडक्यात. जनुकं तीच, पण उघडी कुठली हे वेगळं. एफ-९ नावाच्या उंदराच्या भ्रूणकर्कपेशी आहेत. कच्च्या अवस्थेत त्यांत पॉलिओमा विषाणू वाढत नाही. रेटिनॉइक आम्ल देऊन त्यांना पक्व केलं की त्याच पेशींत वाढतो. डीएनए एका अक्षराने बदललेला नाही! आणि कच्च्या एफ-९ मध्येही वाढणारे जे पॉलिओमा निवडून निघाले, त्यांचा बदल प्रथिनात नव्हता, जनुक चालू करणाऱ्या एन्हान्सरमध्ये होता. पेशीकडे जी किल्ली उपलब्ध होती तिला जुळेल असं कुलूप विषाणूने करून घेतलं.

दुसऱ्यावर मी सविस्तर लिहिते, कारण ‘रिसेप्टर घातला की झालं’ हे वाक्य मला परीक्षेच्या वहीत दर वर्षी दिसतं.

पोलिओपुरतं ते खरं आहे. उंदराला सीडी-१५५ चं मानवी रूप नसतं. १९८९ मध्ये त्याचं जनुक उंदराच्या एल पेशींत घातलं आणि पोलिओ वाढू लागला. त्याच्या कितीतरी आधी, १९५९ मध्ये, पोलिओचा नुसता आरएनए माणूस-माकडाखेरीज इतर प्राण्यांच्या पेशींत घातला तेव्हा त्यातून एक फेरी विषाणू निघालेच होते. आतलं स्वयंपाकघर ठीक होतं, दारच नव्हतं.

आता एचआयव्ही घे. उंदराच्या पेशीत मानवी सीडी-४ आणि सीसीआर-५ घातले, विषाणू आत गेला. पुढे? विषाणूच्या टॅट प्रथिनाला पेशीच्या सायक्लिन टी-१ या प्रथिनाचा हात धरायचा असतो. मानवी सायक्लिन टी-१ मध्ये २६१ क्रमांकाला सिस्टीन असतं, उंदराच्यात तिथे टायरोसीन. एवढ्यावरून हात सुटतो आणि विषाणूच्या जनुकांचं वाचन मंदावतं. बरं, मानवी सायक्लिनही घातलं, तरी शेवटी कणांची जुळणी नीट होत नाही. एकामागून एक तीन अडथळे.

आणि पॉलिओमा-एसव्ही ४० ची जोडी विसरू नकोस. मूषक पॉलिओमा उंदराच्या पेशीत वाढून तिला मारतो. हॅम्स्टरच्या पेशीत त्याचं चक्र पूर्ण होत नाही, पण काही पेशी बेलगाम वाढायला लागतात, गाठीसारख्या. बीएचके-२१ सुरुवातीला वापरली गेली ती हेच अभ्यासायला. एसव्ही ४० चं तसंच: माकडाच्या पेशीत वाढतो, उंदराच्या पेशीत अडतो आणि काही पेशी बिघडवतो. कारण या विषाणूंचं टी-अँटिजन हे प्रथिन डीएनएच्या प्रती काढायला पेशीच्याच पॉलिमरेज अल्फा-प्रायमेजशी जुळावं लागतं, आणि ते जुळणं प्राण्यागणिक बदलतं. वाढ अडली म्हणजे काही घडलंच नाही असं धरून चालू नकोस. इथे तर अडल्यामुळेच पेशी जगली आणि बिघडली.

---

गोठ्यातला_डॉक्टर · गुरुवार, रात्री १०:२०

याला जोडून एक. जपानी मेंदूज्वराची एसए-१४-१४-२ ही जिवंत लस हॅम्स्टरच्या मूत्रपिंडाच्या प्राथमिक पेशींत फेऱ्या देत देत सौम्य केलेली आहे. चीनमध्ये १९८८ ला मान्य झाली, भारतात २००६ पासून मुलांना देतात. तिच्या ई प्रथिनात १३८ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आलं, आणि मेंदूवर हल्ला करायची ताकद ओसरली त्यात या बदलाचा मोठा वाटा. लाळ-खुरकुतासारखाच धन प्रभार! पेशीने विषाणू बदलला, आणि इथे ते मुलांच्या कामी आलं.

---

पारिजात_०३ · गुरुवार, रात्री १०:४०

देव बरें करूं, ताई आणि डॉक्टर. आमच्याकडे पावसाळ्यात इनक्युबेटरला बुरशी येते तेव्हा सगळ्या पेशी टाकून द्याव्या लागतात. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवाणूमुळेही विषाणूची वाढ बदलते का?

---

आबोली_फोंडा · गुरुवार, रात्री ११:००

बदलते, आणि बुरशीपेक्षा तो वाईट, कारण डोळ्याला दिसत नाही, पाणी गढूळही होत नाही. काही मायकोप्लाझ्मा माध्यमातलं आर्जिनिन खाऊन टाकतात, मग हर्पिससारख्या डीएनए विषाणूंची वाढ घटते. माझ्या काळात आमच्या इथे एक अख्खा हंगाम यात गेला आणि दोष विषाणूच्या साठ्याला दिला गेला. दर महिन्याला तपासा.

---

आबोली_फोंडा · पुढचा सोमवार, रात्री ८:१५

माझ्या विद्यार्थिनीचा निकाल आला, तिच्या परवानगीने लिहिते.

साठ्याच्या नळीवर नुसतं ‘सिंडबिस, बीएचके’. पॅसेज क्रमांक नाही, तारीख नाही. टायटर बीएचकेवरच मोजलेलं. तिने तोच साठा दोन्ही पेशींवर पसरून प्लाक (विषाणूने पेशी मारल्यावर थरात पडणारी भोकं) मोजले. एलवर प्लाक संख्येने कमी आणि टाचणीच्या टोकाएवढे. मग एलच्या निम्म्या ताटल्यांत रक्सोलिटिनिब घातलं. हे औषध इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोचू देत नाही. त्या ताटल्यांत प्लाक चांगले मोठे झाले.

पण संख्या फारशी वाढली नाही. म्हणजे प्लाकचा आकार इंटरफेरॉनने आवळला होता, आणि संख्या दुसऱ्याच कशाने. दार, की आतली वाट? आता ती एलमध्ये पाच फेऱ्या देऊन नवा साठा करणार आहे, प्रत्येक नळीवर पेशी, पॅसेज आणि तारीख लिहून, आणि तो साठा परत बीएचकेवर मोजणार आहे. वरिष्ठांनी ताटल्या स्वतः बघितल्या आणि पुढच्या फेरीसाठी पेशी काढून दिल्या.

डॉक्टर, तिला तुमचा हेपरान सल्फेटचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, माध्यमात हेपरिन (हेपरान सल्फेटसारखीच साखळी, विषाणूला भुलवायला) घालून एक ताटली वेगळी लावते. शनिवारी मी ताळगावला तिच्याकडे जाणार आहे, तेव्हा मोजायला बसू.